पाठकोऱ्या कागदांचा उन्हाळा

जळगावात मे महिन्यात दुपारी कोणी कोणाच्या घरी जात नाही. अकरा वाजले की खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत पाणी भरायचं आणि ऊन उतरेपर्यंत जगाशी संबंध तोडायचा, ही आमच्याकडची रीत. अशा वेळी दार वाजलं की समजावं, एक तर कोणाचं बरंवाईट झालं किंवा कोणाची तरी बदली झाली. परवा भरदुपारी माझी भाचेसून आली. ओढणीने तोंड-डोकं गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसत होते. माठातलं पाणी प्यायली आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मावशी, ऑर्डर आली. भुसावळ."

मी चष्मा लावला आणि सवयीने विचारलं, "कागद कुठाय?"

ती हसली. म्हणाली, "कागद आता कोणी देतच नाही मावशी. सगळं यातच येतं." मग तिने मला आदेशाच्या खालचं एक चिमुकलं हिरवं झाड दाखवलं. त्याच्याखाली लिहिलं होतं की छापण्यापूर्वी विचार करा, झाडं वाचवा. ती निघून गेल्यावर कूलरची घरघर ऐकत मी पडून राहिले, पण डोळा काही लागला नाही. झाडं वाचवणारी माणसं मी आधीही पाहिली आहेत. त्यातल्या एका उन्हाळ्याची आठवण तर मे महिना आला की पाहुण्यासारखी दारात उभी राहते, आणि तिला बस म्हणावंच लागतं.

ते साल नक्की सांगत नाही, पण टेलिफोन काळे आणि वजनदार होते आणि बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसावं लागे, असा तो काळ. आमच्या कार्यालयात मी हिशेबाच्या टेबलावर होते. खातं कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, सगळी खाती आतून सारखीच. लांब पत्र्याची इमारत, वर गवत अंथरलेलं, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारायला शिपाई, आणि डोक्यावर गरगरणारे पंखे. पंख्यांमुळे प्रत्येक कागदावर काहीतरी वजन ठेवावं लागे. काचेचे पेपरवेट साहेबांकडे. आमच्याकडे नदीतले गोटे, गंजलेली कुलपं, कोणाचा अडकित्ता. कागद हा इतका हलका पदार्थ असून त्याच्यासाठी इतकं वजन का लागतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

त्या वर्षी होळीच्या सुमारास नवीन साहेब आले. सडपातळ, मऊ बोलणारे, पांढऱ्या बुशशर्टातले. त्यांची आधीची नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला झाली होती आणि तिथे त्यांनी कागदासाठी तोडलेल्या बांबूचे ट्रक जाताना पाहिले होते. एकामागून एक, रोज. पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला ते सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही एक ओळ चुकली म्हणून ताव फाडता ना, तेव्हा मला तो ट्रक दिसतो." आम्ही माना हलवल्या. बाहेर आल्यावर आमचे हेडक्लार्क नाना म्हणाले, "आते याले ट्रक दिसस, आपुनले काय काय दिसी ते देखूत." नाना धरणगावचे. कामात वाघ, पण जिभेला हाड नाही. कार्यालयातल्या सगळ्यांशी ते अहिराणीत बोलत आणि साहेबांशी बोलताना एकदम छापील मराठीवर येत.

साहेबांनी हुकूम काढला नाही, हे त्यांचं वेगळेपण. काटकसरीची परिपत्रकं आम्ही भरपूर पाहिली होती. ती सातसात प्रतींत यायची आणि त्यांची पोच आम्ही तीन प्रतींत द्यायचो. साहेबांनी गोडीगुलाबीने घेतलं. प्रत्येक टेबलावर पाठकोऱ्या कागदांसाठी एक खोका ठेवला. एका बाजूने वापरलेला कागद त्यात टाकायचा, मागची कोरी बाजू पुन्हा वापरायची. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा डकवायची. शनिवारी कामकाज संपताना साहेब स्वतः कचऱ्याच्या टोपल्या बघत. बोळा झालेला कागद उचलत, टेबलावर ठेवून तळहाताने सरळ करत, जशा एखादी बाई इस्त्री नसताना पोलक्याच्या सुरकुत्या काढते तसं. ज्याच्या टोपलीत सगळ्यात कमी बोळे, त्याला साहेबांच्या खोलीत चहा. सुरुवातीला आम्ही हसलो. कोणी आपले बोळे नानांच्या टोपलीत टाकी, नाना ते शिपायाच्या पिशवीत कोंबत. पण माणूस चांगला असला की त्याची थट्टा फार दिवस टिकत नाही. दोन-चार शनिवार गेले आणि आम्हालाही कोरा ताव काढताना हात आखडायला लागले. फुटाणे बांधून आलेल्या कागदावरसुद्धा मी हिशेबाची बेरीज करून पाहिली आहे.

या सगळ्यात पुढे होती प्रमिला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, भांडार सांभाळायची. कागद, कार्बन, टाचण्या, शाई, सगळं तिच्या कपाटात. माझ्यापेक्षा लहान, गोल चेहऱ्याची, कामाला चपळ. मीच तिला जळगावात माझ्या गल्लीत खोली मिळवून दिली होती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आम्ही जोडीने चालायचो. नवरा धुळ्याला एका शाळेत शिक्षक. घर धुळ्यातल्याच देवपुरात. तिथे सासू, सगळे त्यांना अक्का म्हणत, आणि पाच वर्षांची मुलगी रंजू. शनिवारी काम सुटलं की प्रमिला तशीच एसटी स्टँडवर पळायची. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. रंजू दर रविवारी रडायची. सोमवारी प्रमिलाचे डोळे पाहून मी चहा मागवायचे.

रंजूची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. त्याआधी प्रमिलाला धुळ्याला बदली हवी होती. एवढीच तिची मागणी. तिने बढती मागितली नव्हती, बंगला मागितला नव्हता. आमच्या खात्यात बदल्या उन्हाळ्यात एकदाच होत. एप्रिलमध्ये अर्ज नाशिकच्या मोठ्या कार्यालयात जायचे, मेअखेर यादी लागायची. यादी लागली की वर्षभर पान हलत नसे. धुळ्याच्या कार्यालयात एक जागा रिकामी होती, तिच्यावर आणखी कोणाचा डोळा नव्हता, आणि साहेब शिफारस करायला तयार होते. इतकं सगळं जुळून आलेलं मी तरी कोणाच्या बाबतीत पाहिलं नव्हतं.

अर्ज टाइप करायला ती बसली तो दिवस मला डोळ्यांपुढे दिसतो. पडद्यांवर नुकतंच पाणी मारलेलं, वाळ्याचा गारवा, टाइपरायटरची टकटक. तिने खोक्यातला एक कागद उचलला. पुढच्या बाजूला आमच्या कार्यालयाचं नाव छापलेलं, खाली नाशिकला पाठवायचं पत्र: कागदाचा साठा संपत आला आहे, तरी नवीन रिमांचा पुरवठा व्हावा. मागच्या साहेबांनी जाता जाता त्यावर सही केली होती. नवीन साहेबांनी आल्याबरोबर ते पत्र थांबवलं होतं, म्हणाले होते, आहे त्यात भागवू. तेव्हापासून ते पत्र खोक्यात पडलेलं. कागद मात्र उत्तम, जाड, आणि मागची बाजू दुधासारखी कोरी.

नानांनी ते बघितलं. उठून आले, स्वतःच्या खणातला एक कोरा ताव काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "पोरी, आपला पोटना कामले तरी कोरा कागद ली ले."

प्रमिला म्हणाली, "नाना, साहेब माझ्यासाठी शिफारस करणार आणि मी त्यांच्याच पुढे कोरा कागद नासणार, बरं दिसतं का ते?"

"त्याले काय समजस? त्याले पोर ना बाळ, तो नुसता ट्रक मोजस."

"समजतं त्यांना," ती म्हणाली आणि पाठकोरा कागद टाइपरायटरमध्ये सरकवला.

जुन्या बाजूवर शाईने काट मारायची नाही, असं आमच्याकडे ठरलेलं होतं, कारण शाई फुटून मागचं अक्षर खराब होई. त्यावर पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढायची, म्हणजे ही बाजू मेली असं समजायचं. प्रमिलाने तशी रेघ ओढली. साहेबांनी अर्ज वाचला, उलटून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. अर्जाच्या खालीच त्यांनी सुंदर अक्षरात शिफारस लिहिली. एरवी वर एक स्वतंत्र पत्र जोडायचं असतं, पण साहेब म्हणाले, "त्याची गरज नाही. एकाच कागदात सगळं आलं. नाशिकलाही कळू दे की जळगाव काय करतंय." त्या शनिवारी चहा प्रमिलाला मिळाला. अर्ज उलट्या केलेल्या पाकिटातून नाशिकला गेला.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. प्रमिलाचं उलटं होतं. ती आखाजीला सासरी गेली, कारण तिचं लेकरू तिथे होतं. रजा काढून गेली आणि परत येताना आमच्यासाठी मांडे घेऊन आली, खापरावरचे, रुमालासारखे पातळ, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेले. साहेबांनी ते फडकं पाहिलं आणि कागदात बांधलं नाही म्हणून तिचं कौतुक केलं. आम्ही सगळे खूप हसलो, तीही हसली. संध्याकाळी घरी चालताना तिने मला सांगितलं की रंजूला झोक्यावर मांडीत घेऊन ती म्हणाली होती, शाळा सुरू झाली की मी इथेच, रोज तुझी वेणी मी घालणार.

मी चालता चालता थांबले. म्हटलं, "अगं, यादी लागू दे की आधी."

"लागेलच," ती म्हणाली. लेकराला शब्द देऊन आलेल्या आईला आणखी काय सांगणार?

मे संपत आला तसं ऊन भाजून काढायला लागलं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटे. माणसं खिशात कांदा ठेवून बाहेर पडत. गच्च्यांवर ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घातलेले, दुपारी त्यांच्यावर कावळासुद्धा फिरकत नसे. कार्यालयात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, सगळ्यांचे कान नाशिककडे. यादी आली. नाना भिंतीवर लावण्याआधी वाचून गेले आणि त्यांनी ती प्रमिलाच्या टेबलावर न ठेवता माझ्या टेबलावर ठेवली. मी वाचली. पुन्हा वाचली. धुळ्याच्या रिकाम्या जागेवर नंदुरबारच्या एका माणसाचं नाव होतं. प्रमिलाने माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला.

साहेबांनी ट्रंक कॉल लावला. दुपारभर तो लागेना. लागला तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या दाराशी होतो. साहेब नेहमी हळू बोलणारे, त्या दिवशी ओरडून बोलत होते, कारण त्याशिवाय नाशिकला ऐकूच जात नव्हतं. "अर्ज! बदलीचा अर्ज! आमच्याकडून गेलेला!" मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "ते म्हणतात, जळगावहून असा अर्ज आलेलाच नाही."

शाळा उघडली त्या दिवशी प्रमिला रजा काढून धुळ्याला गेली. रंजूला शाळेत सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. पहिल्या दिवशी सगळ्याच आया येतात. दुसऱ्या दिवसापासून वेणी कोण घालणार, हाच तर सगळा प्रश्न होता.

त्याच आठवड्यात आमच्या दारात एक ट्रक उभा राहिला. हमाल गठ्ठे उतरवू लागले. तपकिरी कागदात बांधलेली कोरी रिमं, एकावर एक, व्हरांडा भरला तरी संपेनात. कपाटात मावेनात म्हणून काही जुन्या नकाशांच्या खोलीत नेली, काही नानांच्या टेबलाखाली. "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं," नाना म्हणाले. साहेब बाहेर आले. "हे कोणी मागवलं?" हमालाने चलन पुढे केलं. मालाची पोच भांडारात घ्यायची असते म्हणून ते चलन प्रमिलाच्या हातात आलं. त्यावर लिहिलं होतं, आपल्या कार्यालयाच्या मागणीपत्रास अनुसरून.

तिला लगेच समजलं. मला तिच्याकडे बघून समजलं. तिने चलनावर सही केली, कारण माल तर मोजून आला होता.

साहेब स्वतः नाशिकला जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. पाकीट फोडणाऱ्याने कागद बाहेर काढला तेव्हा वर छापील नावाची बाजू होती, खाली अधिकाऱ्याची सही होती. पेन्सिलीची रेघ प्रवासात पुसट झाली होती. दीड-दोन महिन्यांपूर्वीचं पत्र आत्ता पोचलं, याचं त्या कार्यालयात कोणाला नवल वाटलं नसावं. त्याने शिक्का मारला आणि पत्र पुरवठा शाखेला दिलं. तिथल्या बाईने तत्परतेने रिमं पाठवली आणि कागद फायलीच्या दोऱ्यात ओवला. साहेबांनी तो उलटून दाखवला तेव्हा ती बाई बिचारी रडकुंडीला आली. बदल्या बघणाऱ्या आस्थापना शाखेचा माणूस म्हणाला, अर्ज तर छान आहे साहेब, पण आता आदेश निघाले. पुढच्या एप्रिलमध्ये पाठवा.

आता मला सांगा, रागवायचं कोणावर? नाशिकच्या माणसाने समोर आलेलं पत्र वाचलं. त्या बाईने वेळेत काम केलं. साहेबांना बांबू तुटू नये असं वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. प्रमिलाने साहेबांचा मान राखला. सगळी चांगली माणसं. एखादा तरी लबाड मधे असता तर त्याला शिव्या देऊन मन मोकळं झालं असतं. मी तेव्हा फार चिडले होते आणि ती चीड कुठेही ठेवायला जागा सापडत नव्हती. अजूनही सापडलेली नाही.

साहेब प्रमिलाला म्हणाले, "मी काय करू, सांगा."

ती म्हणाली, "काही नाही साहेब. रिमं वाळवी लागण्याआधी वापरायला हवीत."

साहेबांनी शनिवारी टोपल्या बघणं बंद केलं. बंद केलं म्हणजे, ते टोपलीपर्यंत येत आणि वळून जात. खोके टेबलांवर तसेच होते, त्यांत हळूहळू सुपारीची टरफलं पडायला लागली. इतका कागद घरात आल्यावर काटकसर कोण करणार? चुकलं की ताव फाडायचा, हे पुन्हा सुरू झालं. कोणी नव्याकोऱ्या तावावर शेव-मुरमुरे घेऊन बसे. प्रमिला कपाटातून रिम काढून देई, नोंद करी, पुन्हा बसे. मला वाटतं, त्या कार्यालयात शेवटपर्यंत पाठकोरा कागद वापरणारी ती एकटीच होती. मी एकदा न राहवून म्हटलं, "आता कशाला गं?" तर म्हणाली, "बांबूंनी माझं काय वाईट केलंय?"

तो पावसाळा गेला, हिवाळा गेला. रविवार येत राहिले. प्रमिला सांगे, रंजू आता स्वतः वेणी घालते. रंजूला अक्षरं यायला लागली. एका सोमवारी म्हणाली, "काल ती रडली नाही." मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, "हो, बरंच झालं." मग दोघींनी पुन्हा कामाला हात घातला.

पुढच्या एप्रिलमध्ये अर्ज कोऱ्या कागदावर गेला, वर स्वतंत्र पत्र, तीन प्रती, साहेब स्वतः घेऊन गेले. नंदुरबारच्या माणसाने कुठे तरी दुसरीकडे वशिला लावला होता, जागा पुन्हा रिकामी झाली, आणि प्रमिलाची बदली झाली. निरोपाला नाना पुढे आले. "चाल पोरी, सुटनी एकदाची," एवढंच म्हणाले आणि उगाच पंखा कमी करायला उठले.

सामान टेम्पोत घालून तिच्यासोबत मी देवपूरला गेले. रविवारी दिवसभर आम्ही भांडी लावली, ट्रंका सरकवल्या. अक्कांनी शेवभाजी केली, भाकरी केली, आणि मला मुलीसारखं वाढलं. रंजू आमच्या मागेपुढे होती. गुणी पोर, सांगाल ते उचलून आणून देणारी, दोन घट्ट वेण्या, स्वतःच्या हाताने घातलेल्या. प्रमिलाने जेवणानंतर तिला जवळ घेऊन त्या सोडून पुन्हा घालायचा प्रयत्न केला. "ऱ्हाऊ दे ना आई, चांगली शे," रंजू म्हणाली, तुसडेपणाने नव्हे, अगदी समजुतीने.

ऊन कललं तशी मी निघायला उठले. जळगावची शेवटची गाडी गाठायची होती. रंजू आत गेली आणि माझी पिशवी घेऊन आली. मग तिने बाहेर जाऊन चपला आणल्या आणि उंबऱ्याशी नीट जोडीने लावून ठेवल्या. माझ्या चपला, आणि त्यांच्या शेजारी तिच्या आईच्या.

प्रमिला भिंतीला टेकून उभी होती.

"आई, चाल ना," रंजू म्हणाली. "तुन्ही गाडी चुकी जाई."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण प्रमिलाने मला डोळ्यांनीच थांबवलं. तिने चपला पायात घातल्या आणि माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत आली. आम्ही मागे वळून पाहिलं तेव्हा पोर दारात उभी राहून आम्हा दोघींना हात हलवत होती. रडत नव्हती.